व्यक्तिचित्रातील कवटी : प्रबोधनकालीन चित्रकलेतील मर्त्यतेची प्रतीके

लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती ह्याने १४३५ साली चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चित्राच्या सामर्थ्याचे वर्णन करताना त्याने मैत्रीची उपमा योजली आहे. मैत्रीप्रमाणे चित्रही दूर असलेल्याला समीप आणते. परंतु चित्र तिच्याही पुढे जाते आणि अनेक शतकांपूर्वी निवर्तलेल्यांना जणू जिवंतपणी आपल्यासमोर उभे करते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. दाखल्यादाखल तो प्लूटार्ककडून घेतलेली एक आख्यायिका सांगतो. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचा एक सेनानी कासान्द्रोस त्याची नुसती प्रतिमा पाहून थरथर कापू लागला. प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रणाची सारी प्रतिज्ञा ह्या एका आख्यायिकेत सामावलेली आहे. माणूस जाईल, त्याचा अधिकार जाईल, पण त्याचा चेहरा पाहणाऱ्याला कापरे भरवण्याइतका जिवंत राहील.

ह्या अर्थाने व्यक्तिचित्र म्हणजे मृत्यूविरुद्ध आगाऊ करून ठेवलेली तजवीजच होय. असे असूनही ह्याच काळात, ह्याच प्रकारच्या चित्रांत, कवटी, वाळूचे घड्याळ, विझलेली मेणबत्ती, गळून पडलेल्या पाकळ्या ह्यांची गर्दी झालेली दिसते. आपला चेहरा टिकावा म्हणून ज्याने चित्रकाराला द्रव्य मोजले, त्यानेच त्याच द्रव्यात आपल्या नाशाची खूणही रंगवून घेतली. ही विसंगती नव्हे काय?

ह्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर असे की, ती ख्रिस्ती धर्मोपदेशाची शिकवण होती. मरण ध्यानात ठेव, गर्व करू नको, एवढेच ती चिन्हे सांगतात. हे उत्तर खोटे नाही. परंतु त्याने चित्राविषयी फारसे काहीच कळत नाही. तीच शिकवण प्रवचनांत होती, प्रार्थनापोथ्यांत होती, थडग्यांवर कोरलेली होती. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला ह्या चर्चमधील मासाच्चोच्या ‘त्रैक्य’ ह्या सुमारे १४२७ च्या भित्तिचित्रात खालच्या बाजूस शवपेटीवर पडलेला सांगाडा ती पाहणाऱ्याला ऐकवतच असतो. प्रश्न आहे तो, ही शिकवण एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट चेहऱ्याशेजारी येऊन बसली म्हणजे तिचे काय होते, हा.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मर्त्यतेची जाणीव व्यक्तिचित्रात येण्यासाठी कवटीची गरज नव्हती. यान व्हान आइक ह्याने १४३२ साली रंगवलेले एक लहानसे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात एक मध्यमवयीन गृहस्थ दगडी कठड्यामागे उभा आहे. कठड्यावर मोठ्या अक्षरांत ‘निष्ठावंत स्मरण’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द कोरल्यासारखे रंगवले आहेत आणि वरच्या बाजूस ग्रीक लिपीत ‘तिमोथेओस’ असे नाव आहे. गृहस्थाची त्वचा, त्याची विरळ भुवई, हातातील गुंडाळी हे सारे काही अत्यंत सावधपणे टिपलेले आहे. पण पाहणाऱ्याची नजर शेवटी त्या दगडावर खिळते. तो ठिकठिकाणी तडकलेला आहे, त्याच्या कडा उडालेल्या आहेत. दगडात कोरलेली अक्षरे टिकतात अशी समजूत. आणि येथे दगडच झिजतो आहे. चेहरा मात्र अजून ताजा आहे. कोण अगोदर जाईल, दगड की माणूस, हा प्रश्न चित्रकाराने कोणतेही ठरीव चिन्ह न वापरता विचारला आहे. पुढे काळाने त्यात आणखी एका उपरोधाची भर घातली. हा तिमोथेओस कोण, ह्याविषयी विद्वानांचे एकमत आजही नाही. स्मरण उरले, ज्याचे स्मरण तो हरवला.

तसेच गिर्लांदायोचे १४८८ हे साल असलेले जोव्हान्ना तोर्नाबुओनी हिचे चित्र. आज ते माद्रिदमध्ये आहे. जरीच्या वस्त्रातील तरुण स्त्री, शांत, एका बाजूने दाखवलेली. मागे कोनाड्यात दागिना, प्रार्थनेचे पुस्तक आणि एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर रोमन कवी मार्शल ह्याच्या एका मुक्तकाच्या आधारे, शील आणि मन रंगवण्याची शक्ती कलेला असती तर ह्याहून सुंदर चित्र जगात नसते, अशा आशयाचा मजकूर आहे. चित्रात मृत्यूची म्हणून एकही खूण नाही. फक्त साल आहे. जोव्हान्ना त्याच वर्षी बाळंतपणात वारली. ते साल वाचताच चित्रातील शांततेचा अर्थ पालटतो.

असे असता पुढच्या पिढ्यांना कवटीच का लागावी? ह्याचे कारण युरोपातील जीवनात शोधावे लागते, आणि येथे भारतीय वाचकाची थोडी अडचण होते. ज्या समाजात प्रेताला अग्नी देतात व अस्थी पाण्यात सोडतात, त्या समाजात कवटी ही रोज दिसणारी वस्तू नसते. ती शिवाच्या मुंडमाळेत असते, कापालिकाच्या हाती असते. म्हणजे ती देवाची अथवा संसाराबाहेर गेलेल्या साधकाची वस्तू असते, गृहस्थाची नव्हे. उत्तरमध्ययुगीन युरोपात परिस्थिती उलट होती. १३४८ च्या महामारीने आणि तिच्या पुनःपुन्हा आलेल्या लाटांनी शहरांतील दफनभूमी अपुऱ्या पडल्या. जुनी थडगी उकरून हाडे काढीत आणि ती दफनभूमीभोवतीच्या पडव्यांवर रचून ठेवीत. पॅरिसमधील ‘निष्पाप बालकां’च्या दफनभूमीत असे अस्थींचे ढीग उघड्यावर दिसत, आणि त्यांच्याखालीच लोकांची ये-जा व देवघेव चाले. त्याच दफनभूमीच्या भिंतीवर १४२४–२५ साली ‘मृत्यूचे नृत्य’ हे चित्र काढण्यात आले. त्यात पोपपासून बालकापर्यंत प्रत्येकाचा हात धरून एकेक प्रेत नाचत आहे. तेव्हा पंधराव्या शतकातील प्रेक्षकाला कवटी हे गूढ चिन्ह नव्हते. बाजारात जाताना दिसणारी ती एक गोष्ट होती. फक्त ती कोणाची हे सांगता येत नसे. ढिगातील कवट्यांना नाव नसते.

व्यक्तिचित्राने नेमके हेच बदलले. त्याने कवटीला नाव दिले.

हा बदल एकाएकी झाला नाही, आणि त्याचा मार्गही मोठा विलक्षण आहे. कवटी प्रथम चित्रात आली ती चित्राच्या पाठीवर. त्या काळातील पुष्कळशी व्यक्तिचित्रे लाकडी फळ्यांवर काढलेली आणि आकाराने लहान असत. ती भिंतीवर कायमची टांगलेली नसत. पेटीत ठेवत, हातात घेत, बिजागरीने जोडलेली असल्यास पुस्तकासारखी उघडीत. त्यामुळे फळीच्या मागच्या बाजूलाही महत्त्व होते. तीवर घराण्याचे चिन्ह, ब्रीदवाक्य किंवा नुसता संगमरवराचा आभास रंगवीत. १४५२ च्या सुमारास रोगिर व्हान डेर वेडेन ह्याने तूर्ने येथील झां ब्राक आणि त्याची पत्नी ह्यांच्यासाठी जे त्रिपुट केले, त्याची दारे मिटली की एका दारावर फुटक्या विटेला टेकून ठेवलेली कवटी दिसते आणि वरच्या कोपऱ्यात ब्राक घराण्याची ढाल. आत ख्रिस्त आणि संतमंडळी आहेत. ब्राक दांपत्याचे चेहरे कोठेच नाहीत. त्यामुळे ती कवटी अद्याप अर्धवट अनामिक आहे, फक्त ढालीने तिला एका कुळाशी बांधले आहे. ब्राक हा त्याच सुमारास वारला. तरुण विधवेने हे त्रिपुट करवून घेतले असावे असे मानतात. आणि ते खरे असेल तर ती ढाल आणि ती कवटी ह्यांचे सान्निध्य निव्वळ उपदेशाचे राहत नाही.

पुढचे पाऊल यान गोसार्ट ह्याने १५१७ साली उचलले. बेझान्सोंचा धर्माधिकारी झां कारोंदले ह्याच्यासाठी त्याने केलेले द्विपुट लूव्हर संग्रहालयात आहे. उघडले असता एका बाजूस हात जोडलेला कारोंदले, दुसऱ्या बाजूस मेरी आणि बाल ख्रिस्त. चौकटीवरील लेखात नाव, पद आणि वय अठ्ठेचाळीस असे स्पष्ट नोंदलेले आहे. मिटले असता बाहेरच्या बाजूंवर एकीकडे त्याच्या घराण्याचे चिन्ह आणि दुसरीकडे कोनाड्यात ठेवलेली एक कवटी दिसते. तिचा खालचा जबडा निखळून बाजूला पडला आहे. शेजारच्या कागदावर संत जेरोमचा एक विचार लिहिलेला आहे. आपण मरणार हे ज्याच्या सदैव मनात असते तो सर्व गोष्टी सहज तुच्छ मानतो, असा त्याचा भावार्थ.

ही कवटी कोणाची? वचन सार्वत्रिक आहे, कवटी मात्र सार्वत्रिक राहत नाही. कारण द्विपुट हातात घेणारा प्रथम कवटी पाहतो, मग पान उघडतो, आणि त्याच्यासमोर अठ्ठेचाळीस वर्षांचा, भरल्या गालांचा, सावध डोळ्यांचा एक माणूस येतो. मिटताना क्रम उलटा होतो. चेहरा जातो, हाड येते. हे दोन चेहरे एकाच माणसाचे असल्याचे चित्रकार कोठेही सांगत नाही. ते सांगण्याचे काम बिजागरी करते. येथे कवटी हा उपदेशाचा विषय उरत नाही, ती व्यक्तिचित्राचा उत्तरार्ध होते. कारोंदले ह्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे जगला. इतकी वर्षे स्वतःचा आरंभ आणि शेवट एका पुस्तकासारखा उघडून पाहण्याची सोय ज्याच्यापाशी होती, त्या माणसाचे मन कसे असेल, ह्याची कल्पना करणे कठीण आहे.

इटलीतही ही रीत होती. आंद्रेआ प्रेव्हिताली ह्याच्या, मिलानमध्ये असलेल्या एका तरुणाच्या चित्राच्या पाठीवर अशीच कवटी आहे. कोलोनचा बार्टेल ब्रॉइन ह्यानेही १५२४ साली एका व्यक्तिचित्राच्या पाठीवर कवटी, निखळलेला जबडा आणि विझलेली मेणबत्ती रंगवली. येथे एक अवांतर गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अशा फळ्यांच्या पाठी पुढे स्वतंत्र चित्रे म्हणून पाहिल्या जाऊ लागल्या, आणि युरोपीय वस्तुचित्रणाच्या परंपरेचा एक उगम विद्वान त्यांत पाहतात. माणसाच्या चेहऱ्यापासून कवटी सुटी झाली तेव्हा ती वस्तू झाली. वस्तुचित्र म्हणून त्या फळ्या सुंदर आहेत ह्यात संशय नाही. मात्र त्यांचा अर्ध्याहून अधिक अर्थ पलीकडच्या बाजूवर होता.

पाठीवरची कवटी पुढच्या बाजूला आली तेव्हा अडचणीला सुरुवात झाली. फळी उलटण्याची कृती आता उरली नाही. चेहरा आणि हाड एकाच वेळी दिसू लागले. त्यांचा संबंध कसा जोडायचा? लुकास फुर्टेनागेल ह्याने १५२९ साली ऑग्सबुर्गचा वृद्ध चित्रकार हान्स बुर्कमायर आणि त्याची पत्नी आना ह्यांचे जे चित्र काढले, त्यात ह्यावर एक तोड काढली आहे. आनाच्या हातात बहिर्गोल आरसा आहे आणि त्यात दोघांच्या चेहऱ्यांऐवजी दोन कवट्या उमटल्या आहेत. आपले रूप असे होते, आरशात मात्र एवढेच दिसले, अशा अर्थाचा लेख वर आहे. व्हिएन्नातील हे चित्र पाहताना मनाला जे लागते, ते आरशातील कवट्यांमुळे नव्हे. त्या थोड्या ओढूनताणून आणल्यासारख्या वाटतात. लागते ते दोघांच्या नजरेमुळे. दोघेही आरशात पाहत नाहीत, प्रेक्षकाकडे पाहतात. आरशात काय आहे हे त्यांना अगोदरच ठाऊक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची व्यक्तिचित्रे काढलेल्या एका चित्रकाराने अखेरीस स्वतःला पाहू दिले, आणि दोन वर्षांनी, १५३१ साली, तो वारला.

मराठी समीक्षेत प्रतीक आणि चिन्ह ह्यांतील भेदाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ज्याच्या जागी त्याचा अर्थ ठेवून दिला असता काहीच हरवत नाही ते चिन्ह. जे अर्थ सांगून संपत नाही, ज्याचा अर्थ ते पाहण्याच्या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही, ते प्रतीक. ही कसोटी चित्रकलेलाही लावता येते, आणि तिच्यासाठी एक सोयीचे उदाहरण हाताशी आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा खजिनदार सर ब्रायन ट्यूक ह्याचे हान्स होल्बाइन ह्याने काढलेले चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. थकलेला, किंचित स्मित करणारा चेहरा, उंची वस्त्रे, आणि समोर घडी घातलेल्या एका कागदावर बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातून घेतलेला, आपले थोडे दिवस लवकर संपणार नाहीत काय, अशा आशयाचा प्रश्न. एवढेच. ह्याच चित्राची एक निराळी आवृत्ती म्युनिकमध्ये आहे. ती होल्बाइनच्या हातची मानत नाहीत. तीत ट्यूकच्या मागे सांगाडा उभा केला आहे, त्याच्यापाशी कोयता आहे, शेजारी वाळूचे घड्याळही आहे. पहिल्या चित्रातील त्या लहानशा घडीच्या कागदाने जे केले ते दुसऱ्यातील साऱ्या सामग्रीला साधलेले नाही. सांगाडा काय सांगतो हे पाहताक्षणी कळते आणि कळताच संपते. चिन्हांची भर घालून प्रतीक वाढत नाही, हे सिद्ध करायला ह्याहून चांगला पुरावा मिळणे अवघड.

होल्बाइनला ही गोष्ट उमगली होती, आणि ती त्याने स्वतः ‘मृत्यूचे नृत्य’ रेखाटताना शिकली असावी असे वाटते. बाझेलमध्ये असताना त्याने ह्या विषयावर काष्ठठशांसाठी जी रेखाटने केली, ती १५३८ साली लियाँ येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत सांगाडा पोपाकडे, राजाकडे, शेतकऱ्याकडे, तान्ह्या मुलाकडे येतो. तो प्रत्येकाकडे येतो म्हणूनच तो कोणाचाच नसतो. माणसे तेथे वर्गांच्या रूपाने उभी आहेत, व्यक्ती म्हणून नव्हे. व्यक्तीचा मृत्यू रंगवायचा तर ही वाट उपयोगाची नव्हती.

१५३३ साली लंडनमध्ये त्याने काढलेल्या ‘राजदूत’ ह्या चित्रात त्याने दुसरी वाट घेतली. हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तितकेच रुंद आहे. डावीकडे फ्रान्सचा राजदूत झां द दँतव्हील, उजवीकडे त्याचा मित्र झॉर्ज द सेल्व्ह, लाव्होरचा बिशप. दँतव्हीलचे वय एकोणतीस असल्याचे त्याच्या खंजिराच्या म्यानावर लिहिले आहे. सेल्व्हचे पंचवीस, ते त्याच्या कोपराखालच्या पुस्तकावर. दोघांच्या मध्ये दोन फळ्यांचे मेज आहे. वरच्या फळीवर खगोल, सूर्यघड्याळे आणि आकाशमापनाची उपकरणे. खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, पेटर आपियानचे व्यापारी गणिताचे पुस्तक, बासऱ्या, स्तोत्रसंग्रह आणि एक ल्यूट, म्हणजे सतारीच्या कुळातले वाद्य. त्या ल्यूटची एक तार तुटलेली आहे. गणिताचे पुस्तक उघडे आहे ते भागाकाराच्या पानावर. स्तोत्रे ल्यूथरच्या पंथाची आहेत, आणि हे दोघे कॅथलिक. त्याच वर्षी हेन्रीने ॲन बोलीन हिच्याशी विवाह करून रोमशी असलेला संबंध तोडण्याच्या मार्गावर पाऊल टाकले होते. दँतव्हीलला त्या घडामोडींवर नजर ठेवण्यासाठीच पाठवलेले होते. लंडनची हवा त्याला मानवली नाही. आपण किती खिन्न आणि कंटाळलेले आहोत हे त्याने आपल्या बंधूला पत्रातून कळवले. तुटलेली तार आणि भागाकार ह्यांत युरोपची दुभंग अवस्था आहे, हे सर्व टीकाकार सांगतात आणि ते बरोबर आहे. तथापि ही चिन्हेच होत. ती उलगडली की मोकळी होतात.

त्यांच्या खाली, दोघांच्या पायांपुढे, जमिनीवर तिरपा तरंगत असलेला एक फिकट, लांबुडका आकार आहे. समोरून पाहता तो काय आहे हे कळत नाही. एखादा मासा असेल, समुद्रातून आलेले ओंडक्याचे लाकूड असेल. चित्रातील इतर प्रत्येक वस्तू इतक्या काटेकोरपणे रंगवलेली आहे की पुस्तकातील आकडे वाचता येतात, आणि नेमक्या मध्यभागी हे एक न वाचता येणारे काहीतरी. प्रेक्षक चित्राच्या उजव्या कडेला जाऊन जवळजवळ भिंतीला लागून पाहतो तेव्हा तो आकार आकसतो आणि त्याची पूर्ण, निर्दोष कवटी होते. परंतु त्या जागेवरून राजदूत दिसत नाहीत. ते पसरट, विद्रूप झालेले असतात. तसेच राजदूत नीट दिसतात तेथून कवटी नाहीशी होते.

होल्बाइनचे कर्तृत्व येथे आहे. गोसार्टच्या द्विपुटात चेहरा आणि कवटी ह्यांच्यामध्ये बिजागरी होती. येथे बिजागरी प्रेक्षकाच्या पावलांत आली. फळी उलटण्याऐवजी त्याला स्वतःच हलावे लागते. दोन्ही सत्ये एका जागी उभे राहून एकाच वेळी पाहता येत नाहीत ही गोष्ट चित्रकाराने सांगितलेली नाही, करायला लावलेली आहे. ह्या कवटीचा अर्थ शब्दांत सांगून ती काढून टाकली तर काय उरेल? दोन तरुणांचे एक भव्य आणि थोडेसे कोरडे चित्र. विशेष हे की दँतव्हीलच्या टोपीवर एक लहानसे कवटीचे पदक लावलेले आहे. ते अगदी सरळ रंगवलेले, ओळखू येणारे, शोभेचे. मृत्यूचे ठरीव चिन्ह माणूस टोपीवर मिरवू शकतो. त्याच्या पायाशी जे आहे ते त्याला दिसत नाही. एकाच चित्रात चिन्ह आणि प्रतीक दोन्ही ठेवून चित्रकाराने जणू तुलनेची सोय केली आहे.

डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याच्या कडेने अर्धाच दिसणारा लहानसा क्रूस आहे. श्रद्धाळू प्रेक्षकाला त्यात मृत्यूवरचा उपाय दिसतो. तो अर्धाच का दाखवला, ह्यावर बरीच पाने खर्ची पडली आहेत. इतके मात्र खरे की, कवटीसाठी प्रेक्षकाला चालावे लागते, क्रूसासाठी शोधावे लागते, आणि मधल्या ज्ञानसामग्रीसाठी काहीच करावे लागत नाही.

सेल्व्ह १५४१ साली वारला, होल्बाइन १५४३ साली लंडनमध्येच, दँतव्हील १५५५ साली. चित्र दँतव्हीलच्या पोलिझी येथील वाड्यात राहिले, मग हातोहात फिरले, आणि १८९० साली नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले तेव्हा हे दोघे कोण हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. मेरी हर्वी ह्या संशोधिकेने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे त्यांची ओळख पटवली. नाव टिकवण्यासाठी काढलेले चित्र नाव हरवून बसले होते. वये मात्र म्यानावर आणि पुस्तकावर शाबूत होती.

इटलीत लोरेंझो लोत्तो ह्याने ह्याच सुमारास, १५३५ च्या आसपास, अगदी निराळ्या सुरात हेच केले. रोमच्या बोर्गेझे संग्रहातील त्याच्या एका चित्रात काळ्या वस्त्रातला एक भारदस्त गृहस्थ उभा आहे. त्याचा एक हात मेजावरील गुलाबाच्या आणि जाईच्या पाकळ्यांच्या लहानशा ढिगावर आहे, आणि त्या पाकळ्यांत, नखाएवढ्या आकाराची, एक कवटी आहे. ती प्रथम दिसतच नाही. होल्बाइनने कवटी मोठी करून लपवली, लोत्तोने लहान करून. गृहस्थाचा हात तिच्यावर दाबलेला नाही, तो नुसता टेकलेला आहे, एखाद्या आजारी मुलाच्या कपाळावर टेकावा तसा. पत्नीच्या निधनाचे हे स्मरण असावे असे अनेकांचे मत आहे. ते मानले नाही तरी एवढे दिसतेच की, ह्या माणसाला मृत्यूचा उपदेश करण्याची कोणाला गरज पडलेली नाही. चित्रकाराने त्याच्या चेहऱ्यावर जी सावली ठेवली आहे ती हातापासून वर गेलेली आहे.

शतकाच्या उत्तरार्धात कवटी सर्वत्र झाली, आणि म्हणून निस्तेज झाली. लंडनजवळच्या डलिच येथील चित्रसंग्रहात १५६० चे एका दांपत्याचे चित्र आहे. त्यात दोघांचे हात कवटीवर, खाली प्रेत, आणि चौकटीवर व चित्रात भरपूर बोधवचने. त्यातील श्रद्धा प्रामाणिक आहे; चित्र मात्र पाठ केलेले आहे. सतराव्या शतकात फ्रान्स हाल्सने १६२६–२८ च्या सुमारास रंगवलेल्या तरुणाने कवटी मोठ्या डौलाने हातात धरली आहे, पण तो तरुण कोणी विशिष्ट माणूसच नाही असे आज मानतात. मधल्या काळात हे प्रतीक चित्रातून निघून रंगभूमीवर गेले होते. ‘हॅम्लेट’मधील कबरस्तानाच्या प्रवेशात खणणारा एकामागून एक कवट्या वर फेकतो, त्या अनामिक असतात आणि हॅम्लेट त्यांवर तर्क लढवीत राहतो. मग एक कवटी तेवीस वर्षे जमिनीत राहिलेल्या यॉरिकची निघते, आणि त्याचे बोलणे पालटते. लहानपणी ज्याच्या पाठीवर तो बसला होता, ज्याच्या ओठांचे मुके घेतले होते, ते ओठ कोठे होते हे तो हाडावर शोधू लागतो. १८८३ साली आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाल्यापासून हा प्रवेश मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. कारोंदलेच्या द्विपुटाने जे साधले तेच येथे साधते. अनामिक हाडाला नाव मिळते.

मर्त्यतेच्या ह्या प्रतीकांपैकी एक त्याच काळात हिंदुस्थानातही येऊन पोहोचले होते. जहांगीराच्या दरबारी युरोपीय छापील चित्रे आणि व्यक्तिचित्रे येत, व तेथील चित्रकार त्यांचा बारकाईने अभ्यास करीत. बिचित्र ह्याने १६१५–१८ च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर एका प्रचंड वाळूच्या घड्याळावर सिंहासनासारखा बसला आहे. बादशहांना बाजूला सारून तो एका वृद्ध शेखाला ग्रंथ देत आहे; खाली उभ्या असलेल्यांत इंग्लंडचा राजा जेम्सही आहे, त्याचा चेहरा युरोपीय चित्रावरून उतरवलेला. घड्याळातील बरीच वाळू खाली आलेली आहे. पण त्याच्या पायाशी असलेली पंखधारी मुले काचेवर काय लिहीत आहेत? बादशहाचे राज्य हजार वर्षे चालो, अशी प्रार्थना. चिन्ह युरोपातून आले, त्याचा उपदेश आला नाही; किंवा आला आणि दरबारी रीतीप्रमाणे त्याला उत्तर दिले गेले. हे भाबडेपण की उपरोध, ह्याचा निर्णय चित्र पाहून करवत नाही. बादशहा पुढे १६२७ साली वारला.

त्याच जहांगीराने १६१८ साली असे एक चित्र काढविले की ज्यात कोणतेही चिन्ह नाही. अफूच्या व मद्याच्या व्यसनाने झिजलेला त्याचा एक सरदार इनायतखान अखेरच्या भेटीसाठी पालखीतून दरबारी आणला गेला. हाडांवर कातडे ओढल्यासारखी त्याची अवस्था पाहून बादशहा थक्क झाला, आणि चित्रकारांनी असे काही आजवर काढलेले नाही असे म्हणून त्याने त्याची तसबीर काढण्याची आज्ञा केली, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचे रेखाटन आज बोस्टनला आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डला. उशांना टेकून बसलेला माणूस, उघडी छाती, फासळ्या, आणि समोर कोठेतरी लागलेली नजर. मागची भिंत रिकामी आहे. दुसऱ्या दिवशी इनायतखान वारल्याची नोंद त्याच आत्मवृत्तात आहे.